चालता उजेड

रात्री आठनंतर उधना जंक्शनच्या बाहेर पडून रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंची दुकानं जणू चालायला लागतात. मेडिकलवरचा हिरवा क्रॉस मधून उमलत कडेपर्यंत जातो, मिटतो, पुन्हा उमलतो. मोबाइलच्या दुकानाच्या चौकटीभोवती निळा ठिपका पळत असतो. साडीच्या दुकानावरच्या मोराचा पिसारा एकेक थर उघडत जातो. नाश्त्याच्या टपरीवर लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकतात, आधी गुजरातीत, मग हिंदीत, आणि गिऱ्हाईक खानदेशी असेल त्या गल्लीत मराठीतही. प्रत्यक्षात यातलं काहीही हलत नाही. क्रॉस भिंतीला स्क्रूने आवळलेला आहे, मोराचा प्रत्येक दिवा आपापल्या भोकात घट्ट बसलेला आहे. एक विझतो, शेजारचा पेटतो, आणि त्या दोघांमधलं अंतर पाहणाऱ्याचा मेंदू स्वतः भरून काढतो.

हे पुस्तक अशा पाट्यांबद्दल आहे. जाहिरातीची भाषा, तिची चित्रं, तिने दाखवलेली स्वप्नं यांवर आपण पुष्कळ बोलतो. ती पाटी कोणी जोडली, तिची चाल कोणी बसवली, रोज संध्याकाळी ती बिनबोभाट चालू कशी होते, हे सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं. चालत्या पाटीत खरी कारागिरी आहे, आणि ती क्रमाची कारागिरी आहे. दिवा पेटवणं सोपं असतं. कोणता दिवा नेमका कधी विझवायचा, हे ज्याला कळतं त्याची पाटी चालते.

ही गोष्ट समजून घ्यायला उधन्यासारखी जागा नाही. सुरतेच्या दक्षिणेचा हा भाग यंत्रमागांचा. शेजारी पांडेसऱ्यात रंगाई-छपाईच्या मिल, पुढे सचिनची जीआयडीसी औद्योगिक वसाहत. मुंबईकडून येणाऱ्या मुख्य लोहमार्गाला ताप्ती खोऱ्यातून आलेली लाइन इथेच मिळते. याच लाइनवर पुढे नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. दुष्काळ पडला, शेत विकलं गेलं, घरात चौथा भाऊ झाला, की माणूस त्या गाडीत बसायचा आणि उधन्याला उतरून एखाद्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मागावर उभा राहायचा. आज उधना, लिंबायत, डिंडोलीच्या सोसायट्यांमध्ये जिन्यावर अहिराणी ऐकू येते, श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसते, तिचे रोट होतात. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात आणि त्यांत मराठी आहे. ओडिया, तेलुगू, भोजपुरी बोलणारेही याच गल्ल्यांत राहतात. इथल्या दुकानदाराला एकाच पाटीवर तीन लिप्या लागतात. रंगवलेल्या पाटीवर त्या दाटीवाटीने बसवाव्या लागायच्या. चालत्या पाटीवर एकीमागून दुसरी येते, म्हणून कुणालाही कोपऱ्यात उभं राहावं लागत नाही.

पण उधन्याचं आणि या पाट्यांचं नातं याहून जवळचं आहे. ज्याने जॅकार्ड पाहिलं आहे त्याला चालती पाटी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ल्यॉनच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४च्या सुमारास मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढवली. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा. जिथे भोक तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खाली राहतो. धोटा निघून गेला की पुढचा पुठ्ठा. एकेका पुठ्ठ्यात फूलही नसतं आणि वेलही नसते, नुसतं ‘उचल’ आणि ‘राहू दे’ असतं. कापड हातभर विणून झालं की मग फूल दिसतं. आता पुठ्ठे गेले, जॅकार्ड इलेक्ट्रॉनिक झालं, डिझाइन पेन ड्राइव्हवर येतं. तरी आतला हिशोब तोच: चौकटींचा कागद, प्रत्येक चौकटीला हो किंवा नाही, आणि ओळीमागून ओळ. चालत्या पाटीचा प्रोग्रॅम हाच हिशोब मांडतो. धाग्याच्या जागी दिवा येतो आणि कापडाच्या लांबीच्या जागी वेळ. दिवसा एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करणाऱ्याने संध्याकाळी पिक्सेलच्या पाटीचं डिझाइन करायला घेतलं, तर त्याला नवं शिकावं लागतं ते सॉफ्टवेअर. डोकं तयारच असतं.

न हलणाऱ्या दिव्यांत आपल्याला हालचाल का दिसते, याचा नीट शोध माक्स व्हेर्टहाइमर या मानसशास्त्रज्ञाने घेतला. १९१० साली रेल्वेने जाताना त्याला ही कल्पना सुचली आणि मध्येच फ्रँकफुर्टला उतरून त्याने चित्रं हलती दाखवणारं एक खेळणं विकत घेतलं, असं सांगतात. त्याचा शोधनिबंध १९१२मध्ये छापून आला. दोन रेघा, एकामागून एक दाखवायच्या, बस्स. मध्ये सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा वेळ गेला तर माणूस म्हणतो, आधी ही दिसली, मग ती. हा वेळ सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास आणला तर म्हणतो, दोन्ही एकदमच दिसल्या. आणि या दोहोंच्या मध्ये, साधारण ६० मिलिसेकंदांच्या जवळपास, त्याला एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसते. जिथे काहीच नव्हतं त्या मधल्या जागेतूनही ती जाताना दिसते. त्याच १९१२ साली आपले दादासाहेब फाळके कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ तयार करत होते. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. एकाने प्रयोगशाळेत जे मोजलं, त्याच्याच भरवशावर दुसऱ्याने भारतीय सिनेमा उभा केला. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

रस्त्यावरच्या माणसांनी मात्र हे मोजमाप होण्याआधीच हाताने साधलं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९१० साली एका हॉटेलच्या गच्चीवर रोमन रथांची शर्यत लागली. सुमारे वीस हजार बल्ब, घोड्यांचे पाय पळतायत, चाकं फिरतायत, आणि खाली बघ्यांची झुंबड. १९२८च्या नोव्हेंबरात त्याच शहरात टाइम्स वृत्तपत्राच्या इमारतीभोवती बातम्यांची पट्टी फिरू लागली. १४ हजारांहून अधिक बल्ब होते, आणि पहिली मोठी बातमी होती हूव्हर राष्ट्राध्यक्ष निवडून आल्याची. आतली यंत्रणा अशी: अक्षरांचे धातूचे ठसे एका साखळीवरून सरकायचे आणि खालच्या संपर्कांना घासत जायचे. जिथे ठसा टेकेल तिथला बल्ब पेटायचा. मागावरच्या पुठ्ठ्यांची माळच ती, नुसती धाग्यांऐवजी तारांना लावलेली.

निऑनचा काळ वेगळा होता. निऑन वायू १८९८मध्ये सापडला, १९१०मध्ये जॉर्ज क्लोदने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या नळ्या पेटवून दाखवल्या, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं जगभरच्या मोठ्या शहरांची रात्र त्या तांबड्या-नारिंगी उजेडाने ओळखली गेली. हात हलवणारा माणूस दाखवायचा तर निऑनवाला हाताच्या तीन नळ्या वाकवायचा, खाली, मध्ये आणि वर, आणि त्या एकीपुढे एक बसवायचा. रात्री त्या पाळीपाळीने पेटायच्या. दिवसा मात्र विझलेल्या काचेचे तिन्ही हात एकदम दिसायचे. ओसाकाच्या डोतोन्बोरीतली ग्लिको कंपनीची पाटी १९३५पासून आहे. तिच्यातला धावपटू हात उंचावून उभा असतो, तो एक पाऊलही टाकत नाही, मागचा देखावा बदलतो. २०१४मध्ये तिथे निऑन जाऊन एलईडी आले, पण धावपटू होता तसाच ठेवला. मला त्या निर्णयाचं कौतुक वाटतं. कमी हलवून जास्त दाखवणं ही या कलेची सगळ्यात अवघड बाजू आहे.

आपल्याकडे, निदान आपल्या गावाकडच्या लोकांकडे, चालता उजेड दुकानावर येण्याआधी मांडवात आला. गणपतीच्या मागचं चक्र फिरतं, ते कसं? ते चक्र फिरतं ठेवणारा डेकोरेटरचा ड्रम ज्यांनी पाहिला आहे, ती पिढी आता साठीच्या पुढे गेली. लाकडाचा दंडगोल, त्यावर मोजून मापून ठोकलेल्या तांब्या-पितळेच्या पट्ट्या, एका टोकाला बारकी मोटर. वरून धातूच्या जिभा दंडगोलावर टेकलेल्या, प्रत्येक जिभेला एका रांगेची वायर. दंडगोल फिरला, पट्टी जिभेखाली आली, रांग पेटली. पट्टी संपली, रांग विझली. लांब पट्टी म्हणजे जास्त वेळ, आखूड पट्टी म्हणजे नुसतीच लुकलुक. ठिणग्या उडायच्या, पट्ट्या काळ्या पडायच्या, मग पॉलिश पेपर घेऊन कोणीतरी मांडवामागे बसायचं. बंगालमधल्या चंदननगरने जगद्धात्री पूजेच्या निमित्ताने अशाच रोलरवर अख्खे प्रसंग चालवून दाखवले आणि तिथल्या कारागिरांचं देशभर नाव झालं. आपल्या डेकोरेटरांचं तसं नाव कधी झालं नाही. विसर्जनानंतर सामान उतरवलं जातं आणि त्याबरोबर रचनाही जाते.

तीन वायरींची गोष्ट मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माळेतले दिवे दोन वायरींत वाटले, एक सोडून एक, आणि त्या पाळीपाळीने पेटवल्या, तर माळ थरथरते पण चालत नाही. पेटलेल्या दिव्याला डावीकडचा शेजारीही एका पावलावर आणि उजवीकडचाही एकाच पावलावर. डोळ्याला दिशा ठरवता येत नाही. तेच दिवे तीन वायरींत वाटा, पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला, आणि त्याच क्रमाने पेटवा. आता उजवीकडे एक पाऊल आहे आणि डावीकडे दोन. डोळा नेहमी जवळचा रस्ता धरतो. माळ उजवीकडे धावायला लागते. क्रम उलटा केला की डावीकडे. एवढ्या एका वायरीने थरथरण्याची धाव होते. वायरी चार करून तीन पेटत्या ठेवा आणि एकच विझवत न्या, की उजेड स्थिर राहतो आणि अंधाराचा ठिपका पळतो. जुने डेकोरेटर भरजरी मखराला हीच चाल लावायचे, कारण मूर्तीवरचा प्रकाश तिने कमी होत नाही.

आता ड्रम नाही, वायरींचे जुडगेही नाहीत. उधन्यातल्या पाटी बनवणाऱ्याच्या गाळ्यात आज एसीपीची शीट टेबलावर उलटी पडलेली असते, अक्षराच्या आकारात १२ मिलिमीटरची भोकं पाडलेली, आणि एक पोरगा पन्नास-पन्नास दिव्यांच्या माळेतला एकेक पिक्सेल अंगठ्याने त्या भोकांत दाबत असतो. माळ पहिल्या रांगेतून वर जाते, दुसरीतून खाली येते, तिसरीतून पुन्हा वर. कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्याला हा नागमोडी रस्ता जसाच्या तसा सांगावा लागतो. तो चुकला तर एकाआड एक रांग उलटी दिसते आणि मोराची मान पिसाऱ्यात जाते. अशी पाटी पहिल्यांदा चालू करताना गाळ्यातली सगळी माणसं हातातलं काम थांबवून बघतात.

या माळेतल्या प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असते. कंट्रोलर एकाच तारेवरून सगळ्यांचे हुकूम एका दमात पाठवतो. पहिला दिवा पहिले २४ बिट आपल्यासाठी ठेवतो, लाल-हिरव्या-निळ्याला आठ-आठ, आणि उरलेले पुढे सोडतो. दुसराही तेच करतो. म्हणून मधला एक पिक्सेल बिघडला तर त्याच्या पुढची सगळी माळ आंधळी होते. दुरुस्ती करणारा विझलेला पहिला दिवा आणि पेटता शेवटचा दिवा हेच दोन आधी बघतो, कारण दोष त्या दोघांतच कुठेतरी असतो. एका दिव्याच्या हुकमाला साधारण ३० मायक्रोसेकंद लागतात. एका तारेवर हजार दिवे लावले तर पूर्ण चित्र पाठवायला ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३३ चित्रं. त्याहून मोठ्या पाटीला कंट्रोलरचे अनेक पोर्ट वापरून काम वाटून द्यावं लागतं, नाहीतर पळणारा उजेड अडखळतो.

विजेचा त्रास वेगळाच. पूर्ण पांढरा पेटलेला एक पिक्सेल सुमारे ६० मिलिअँपिअर खातो, पन्नासांची माळ तीन अँपिअर. पाच व्होल्टच्या पातळ वायरीतून एवढा करंट नेला की टोकाला दाब कमी पडतो. निळ्याला आणि हिरव्याला लालपेक्षा जास्त दाब लागतो, तेव्हा आधी ते मावळतात आणि पाटीच्या शेवटच्या अक्षराचा पांढरा रंग तांबूस व्हायला लागतो. रस्त्याने जाताना पहिलं अक्षर शुभ्र आणि शेवटचं तांबूस दिसलं, तर समजावं की वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची जोडणी एकाच टोकाला केली आहे. चांगला कारागीर दोन्ही टोकांना आणि मध्येही पुरवठा देतो. त्याला जास्त वायर लागते, गिऱ्हाइकाला ती दिसत नाही आणि तिचे पैसे द्यायची त्याची तयारी नसते. तरीही काही जण ती टाकतात. त्या माणसांविषयी मला आदर आहे.

टपरीवरच्या लाल सरकत्या अक्षरांचा प्रकार पी-टेन नावाने बाजारात मिळतो. दोन दिव्यांमधलं अंतर दहा मिलिमीटर म्हणून हे नाव. एका मॉड्यूलमध्ये ३२ आडवे, १६ उभे, एकूण ५१२ दिवे. नेहमीच्या एकरंगी मॉड्यूलमध्ये कुठल्याही एका क्षणी या सोळा ओळींपैकी चारच पेटलेल्या असतात. मग पुढच्या चार, मग त्यापुढच्या. हे इतक्या झपाट्याने चालतं की डोळ्याला पूर्ण अक्षर दिसतं. म्हणजे अक्षर सरकत नसतानाही, नुसतं उभं असतानाही, ते एकसंध असं कधीच तिथे नसतं. पाटीचा मोबाइलवर फोटो काढला की आडव्या काळ्या पट्ट्या येतात त्या याच. देवनागरीचं इथे एक दुखणं आहे. सोळा ओळींत वेलांटी, रफार, उकार आणि मधलं अक्षर बसवायचं म्हणजे तारेवरची कसरत असते. रोमन लिपीसाठी केलेले फॉन्ट जसेच्या तसे वापरले की ‘र्थ’ आणि ‘थ’ सारखेच दिसतात. म्हणून जो मराठी मजकूर चौकटीत एकेक ठिपका हाताने भरून बसवतो, त्याची पाटी दुरून वाचता येते.

निळा एलईडी नसता तर यातलं बरंचसं झालंच नसतं. लाल एलईडी १९६२पासून होता. पुरेसा प्रखर निळा १९९३च्या सुमारास आला आणि त्यामुळे पांढरा शक्य झाला. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल यासाठीच मिळालं. त्याच वर्षी उधना दरवाजा ते सचिन हा सुरतेचा पहिला बीआरटीएस बसमार्ग सुरू झाला. रुंद, सरळ रस्ता आणि त्यावरून सलग जाणारी वाहनं मिळाली की पाट्यांची गरज बदलते. पायी जाणाऱ्याला वाचायला वेळ असतो. बसमधल्याला तीन-चार सेकंद मिळतात.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. डोळ्याच्या कडेचा भाग बारीक तपशील ओळखत नाही, पण हालचाल चटकन टिपतो. चालती पाटी त्या कडेला हाक मारते, आणि मान वळते ती आपल्याला विचारून वळत नाही. दुकानदाराला हेच हवं असतं. पण त्याच क्षणी उधना तीन रस्त्यावर स्कूटरवर मागे लेकरू बसवून एखादी बाई वळण घेत असते. भारतीय रोड काँग्रेसने १९७२मध्येच रस्त्याकडेच्या जाहिरातींसाठी धोरण छापलं आहे. चौकात, सिग्नलजवळ चालकाचं लक्ष वेधून घेणारं काही नको, हा त्यातला साधा विचार. दिल्लीतल्या धोकादायक होर्डिंग्जबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये आदेश दिले. मे २०२४मध्ये मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा चर्चा लोखंडाच्या सांगाड्याची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. उजेडाची चर्चा मात्र अजून नीट सुरूच झालेली नाही. सिग्नलच्या खांबाशेजारी लाल-हिरवी लुकलुक नको, मध्यरात्रीनंतर चमक अर्ध्यावर आणावी, आणि समोरच्या इमारतीत झोपलेल्यांच्या खिडकीवर पाटी रोखलेली नसावी, एवढं तर पाटी बनवणारा स्वतःच करू शकतो. कंट्रोलरमध्ये चमक कमी करण्याची सोय असतेच. उलट बाजूही सांगतो. रात्री दोन वाजता पोराला ताप चढला की गल्लीच्या तोंडावरून दिसणारा तो उमलता हिरवा क्रॉस फार उपयोगी पडतो. म्हणून सगळ्याच चालत्या पाट्या वाईट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

चांगली चाल कोणती, यावर कारागिरांमध्ये मतभेद आहेत आणि पुढच्या प्रकरणांत ते येतीलच. माझं मत संथ चालीच्या बाजूने आहे. एका फाइलमध्ये वीस इफेक्ट भरता येतात म्हणून वीसही भरले, की डोळा कशावरच ठरत नाही आणि दुकानाचं नाव वाचायचं राहून जातं. ज्या पाटीत नाव स्थिर असतं, एकच वस्तू चालते, आणि तीही चालून क्षणभर थांबते, ती लोकांच्या लक्षात राहते. कानबाईच्या मांडवावर मी पाहिलेली सगळ्यात देखणी रचना फक्त दोन रंगांची होती. नारळाच्या शेंडीपासून निघून खाली चौरंगापर्यंत एक सोनेरी धार ओघळायची, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा. ते ‘काहीच नाही’ ज्याने मोजून ठेवलं होतं त्याला काम कळत होतं.

या विषयाची नोंद ठेवणं अवघड आहे. पाटी पाच-सात वर्षांत बदलते, दुकान विकलं गेलं की त्याआधीच उतरते, आणि उतरलेली पाटी वजनावर जाते. अॅल्युमिनियम वेगळं, तांबं वेगळं, बाकी कचरा. प्रोग्रॅमची फाइल कंट्रोलरच्या एसडी कार्डावर असते आणि त्या कार्डावर पुढच्या गिऱ्हाइकाचं काम चढतं. म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. उधन्यात, लिंबायतमध्ये, किंवा इकडे नंदुरबार-अमळनेरच्या एखाद्या डेकोरेटरच्या माळ्यावर पट्ट्या ठोकलेला लाकडी ड्रम अजून पडला असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढा, पट्ट्यांची लांबी आणि मधल्या फटी मोजून लिहून ठेवा, आणि तो कोणत्या मांडवासाठी केला होता हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पट्ट्यांची मापं मिळाली तर ती चाल पिक्सेलवर पुन्हा बसवता येते.